जठराचं अस्तर आणि गोळ्यांचा डबा: व्हिटॅमिन आणि प्रोबायोटिक तिथे नेमकं करतात काय?

जठराग्नी (धागाकर्ते)

अँटिबायोटिक लिहून दिलं की सोबत बी-कॉम्प्लेक्स. छातीत जळजळलं की बी-कॉम्प्लेक्स, तोंड आलं तरी बी-कॉम्प्लेक्स. हल्ली या पंगतीत प्रोबायोटिकची कॅप्सूलही येऊन बसली आहे. दोन्हींच्या पाकिटावर ‘पोटाचं आरोग्य’ असं लिहिलेलं असतं. पण जठर, लहान आतडं आणि मोठं आतडं ही तीन वेगळी घरं आहेत आणि जाहिरात तिन्हींची पावती एकदमच फाडते. हा धागा फक्त पहिल्या घराबद्दल, त्यातही आतल्या अस्तराबद्दल.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, सामू (पीएच) दीड-दोनपर्यंत उतरतो. अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि पेशींनी सोडलेलं बायकार्बोनेट त्यात अडकून राहतं. त्यामुळे थराच्या तळाशी, पेशींना लागून, सामू सातच्या जवळ असतो. सगळ्यात वरच्या पेशी साधारण ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात. श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि तिथला रक्तपुरवठा या तिन्हींवर प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनाचं नियंत्रण असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात. म्हणून ‘जेवणानंतर घेतली तर चालते’ हा समज अर्धाच खरा. गोळीचा थेट स्पर्श सौम्य होतो, पण रक्तातून होणारा परिणाम होतोच. याच कारणाने डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनसुद्धा अल्सर करू शकतं.

अस्तर बिघडवणारे मुख्य चार: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू, वेदनाशामकं, दारू आणि स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने आम्लपेशींवर केलेला हल्ला. यादीत ‘व्हिटॅमिनची कमतरता’ नाही, हे लक्षात घ्या. व्हिटॅमिन कमी पडलं म्हणून जठराचं अस्तर बिघडलं असं क्वचित होतं. अस्तर बिघडलं म्हणून व्हिटॅमिन कमी पडलं, हे मात्र सर्रास. चर्चा या दिशेने व्हावी म्हणून धागा काढला.

---

सूक्ष्मदर्शी

सहमत, आणि याचं सगळ्यात ठळक उदाहरण बी-१२.

अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सोडवायला आम्ल आणि पेप्सिन लागतं. सुटलं की लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला धरून लहान आतड्यात नेतं. तिथे स्वादुपिंडाचे रस ही पकड सोडवतात. मग त्याला इन्ट्रिन्सिक फॅक्टर धरतो आणि हा फॅक्टर येतो जठरातल्या आम्लपेशींकडूनच. ही जोडी लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला शोषली जाते.

म्हणजे आम्लपेशी गेल्या की दोन ठिकाणी घाटा. सोडवणारं आम्लही नाही आणि वाहून नेणारा फॅक्टरही नाही. प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने होणाऱ्या जठरदाहात नेमकं हेच घडतं. पुढे जो पंडुरोग होतो त्याला पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणतात. कच्चं यकृत खाऊ घालून तो आटोक्यात येतो, या शोधासाठी १९३४चं नोबेल व्हिपल, मायनॉट आणि मर्फी यांना मिळालं. जठरातून काहीतरी ‘आतला घटक’ यावा लागतो, हे विल्यम कासल यांनी त्याच सुमारास दाखवलं.

आम्ल दाबणाऱ्या गोळ्यांमुळे, म्हणजे पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल वगैरेंमुळे, फक्त पहिली पायरी अडते. फॅक्टर शाबूत असतो. म्हणून अशा माणसाला गोळीतलं सुटं बी-१२ बऱ्यापैकी लागू पडतं, पण दूध-अंड्यातलं तितकं नाही. यकृतात दोन-चार मिलिग्रॅमचा साठा असतो आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. त्यामुळे कमतरता उघडी पडायला वर्षं लागतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. त्यात मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि आम्ल दाबणारी गोळी एकाच वेळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर वर्षातून एकदा बी-१२ तपासायलाच हवं.

---

मेतकूट

उपप्रश्न. फॅक्टरच नसेल तर तोंडाने गोळी देऊन काय उपयोग? मग इंजेक्शनच हवं ना?

---

सूक्ष्मदर्शी

मेतकूट, जुनी पुस्तकं तसंच सांगत. पण आकडे पाहा. फॅक्टरच्या मार्गाने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषलं जातं, मग तो मार्ग भरून जातो. शिवाय एक चोरवाट आहे: जे काही पोटात जाईल त्यातलं साधारण १ टक्का फॅक्टरशिवायही झिरपतं. १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर १० मायक्रोग्रॅम आत गेलं, म्हणजे रोजच्या गरजेच्या चौपट. त्यामुळे रोज, न चुकता, १००० ते २००० मायक्रोग्रॅम तोंडाने घेऊनही पर्निशियस अ‍ॅनिमिया सांभाळता येतो. अट एकच, ‘न चुकता’.

हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा अशी मज्जातंतूंची लक्षणं असतील तर मात्र सुरुवात इंजेक्शननेच. सुरुवातीला १००० मायक्रोग्रॅम रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा साधारण क्रम. नक्की वेळापत्रक डॉक्टर ठरवतात.

आणि एक घोळ टाळा. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊ नका. रक्तातली लाली सुधारते, अहवाल बरा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. अवांतर: फॉलिक अ‍ॅसिडचा शोध मुंबईशी जोडलेला आहे. ल्युसी विल्स १९२८ मध्ये इथे आल्या आणि गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगावर त्यांनी काम केलं. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्या अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट. कासलच्या रुग्णांचा आजार आणि विल्सच्या रुग्णांचा आजार सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखा दिसतो, म्हणून तर गफलत होते.

---

रसायनी

बी-१२च्या तपासणीबद्दल जोडतो. रक्तात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, ३००च्या वर असेल तर बहुधा ठीक. मधल्या पट्ट्यात होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक) पाहावं. पण रक्त देण्याआधी एक विचारा: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? ५-१० मिलिग्रॅमच्या त्या गोळ्या अनेक यंत्रांवरच्या चाचणीत ढवळाढवळ करतात. बी-१२ खोटं जास्त दिसू शकतं, थायरॉइडचे आकडेही वेडेवाकडे येतात. दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि प्रयोगशाळेला सांगा.

क जीवनसत्त्वाचीही अशीच एक खोडी आहे. शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची जी जुनी, कागदावर रंग उमटणारी चाचणी आहे, ती रोज २५० मिलिग्रॅमहून जास्त क घेणाऱ्यात रक्त असूनही ‘नाही’ म्हणू शकते. जठरातून झिरपणारं रक्त शोधायला केलेली चाचणी चघळायच्या गोळीने फसते. तीन दिवस आधी गोळी बंद.

---

गोळीबंद

क निघालंच आहे तर सांगतो. निरोगी जठर क जीवनसत्त्व आतल्या रसात ओतत असतं, रसातलं प्रमाण रक्तापेक्षा जास्त असतं. तिथे ते नायट्राइटपासून कर्करोगकारक नायट्रोसो संयुगं बनणं रोखतं. पायलोरीने दाह झाला की रसातलं हे प्रमाण घसरतं आणि जीवाणू काढला की बऱ्याच अंशी सावरतं. इथेही बाण अस्तराकडून व्हिटॅमिनकडेच जातो, धागाकर्त्यांचा मुद्दा टिकतो.

याचा अर्थ ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या खाऊन अस्तर बरं होतं असा नाही. ते आम्लच आहे. अस्तर सोललेलं असताना उपाशीपोटी घेतली तर जळजळ वाढेल. पेरू, आवळा, लिंबू जेवणात असतील तर रोजची गरज तिथेच भागते.

आता लोहाबद्दल. हे व्हिटॅमिन नाही, पण मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत असतं आणि सगळ्यात जास्त मळमळ तेच करतं. फेरस सल्फेटची गोळी अस्तराला चिकटून राहिली तर तिथे अक्षरशः भाजल्यासारखा व्रण पडतो. बायॉप्सीत लोहाचे तपकिरी कण दिसतात. वयस्कर माणसं, पाण्याच्या एका घोटात गोळी गिळून लगेच आडवी होणारी, यांच्यात हे जास्त. पूर्ण ग्लासभर पाणी घ्यायचं आणि अर्धा तास तरी बसून किंवा उभं राहायचं. अस्तरावर आधीच व्रण असतील तर गोळीऐवजी पातळ औषध मागा. रोजऐवजी दिवसाआड एकदा घेतलं तर प्रत्येक मात्रेतलं जास्त शोषलं जातं आणि पोटालाही उसंत मिळते. चहा मात्र तास-दोन तास लांब.

लोहाने शौच काळं होतं. रक्तस्रावानेही काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट आणि विलक्षण घाण वासाचं. दुसऱ्या प्रकारात धाग्यावर प्रश्न विचारत बसू नका, रुग्णालय गाठा.

---

मेतकूट

आणि कोबीचा रस? ‘व्हिटॅमिन यू’ म्हणून फिरणारे संदेश दर महिन्याला येतात.

---

जठराग्नी

त्याचं मूळ खरं आहे, नाव खोटं. कॅलिफोर्नियात गार्नेट चेनी या डॉक्टरांनी १९४९ मध्ये १३ अल्सरच्या रुग्णांना रोज सुमारे लिटरभर ताज्या कोबीचा रस दिला आणि अल्सर झपाट्याने भरल्याचं छापलं. तुलनेला समोर दुसरा गट नव्हता, जुन्या नोंदींतल्या सरासरीशी ताडून पाहिलं होतं. अल्सर आपोआपही भरतात आणि पुन्हा उलटतात, हे त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. ‘यू’ अल्सरवरून आलं. घटक आहे एस-मिथाइलमिथिओनिन. तो जीवनसत्त्व नाही, कारण तो न खाल्ल्याने कुठलाही आजार होत नाही. शिवाय तेव्हा पायलोरी कोणाला ठाऊक नव्हता. वॉरेन आणि मार्शल यांनी तो १९८२ मध्ये पर्थला वाढवून दाखवला, २००५चं नोबेल त्यासाठीच. लिटरभर कच्च्या कोबीच्या रसाने गॅस किती होईल हे वेगळं सांगायला नको.

जस्ताला मात्र थोडा आधार आहे. जस्त आणि कार्नोसिनचं संयुग, पोलाप्रेझिंक, जपानमध्ये जठराच्या अल्सरवर औषध म्हणून १९९०च्या दशकापासून वापरात आहे, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते व्रणाच्या जागी चिकटून राहतं. आपल्या मल्टिव्हिटॅमिनमधलं झिंक सल्फेट म्हणजे ते नव्हे. झिंक सल्फेट उपाशीपोटी घेतलं तर उलट मळमळतं.

---

ताकपीठ

प्रोबायोटिककडे वळू या, नाहीतर धागा व्हिटॅमिनवरच संपेल.

जठरात मुळात वस्ती फार विरळ. आम्लामुळे मिलिलिटरमागे जीवाणू दहा ते हजारच्या घरात, मोठ्या आतड्यात हाच आकडा अब्जांत. त्यामुळे ‘चांगले जीवाणू जठरात वस्ती करतात’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे पाकीट खाली ठेवा. ते प्रवासी असतात, काही तासांत पुढे जातात. जाता जाता काही लॅक्टिक आम्ल सोडतात, काही पायलोरीला चिकटून त्याला अस्तरापासून दूर ठेवतात. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक वाण तर मेलेल्या अवस्थेतच हे काम करतो. पायलोरी शोधणाऱ्या श्वास-चाचणीचा आकडा थोडा खाली येतो. जीवाणू नाहीसा होत नाही.

मग उपयोग कुठे? पायलोरी मारायच्या अँटिबायोटिकच्या १४ दिवसांच्या कोर्समध्ये, सोबतीला. जुलाब, तोंडाची कडवट चव, मळमळ यांनी लोक आठव्या-नवव्या दिवशी कोर्स सोडतात, आणि अर्धवट कोर्स म्हणजे चिवट झालेला जीवाणू. काही प्रोबायोटिकने हे त्रास कमी होतात, म्हणून कोर्स पूर्ण होतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२च्या मास्ट्रिक्ट सहमती-अहवालाचा सूर असाच आहे. अमेरिकन तज्ज्ञांनी २०२४ मध्ये पुरावा अपुरा म्हटलं. दोन्ही बाजूंनी कोणीही ‘प्रोबायोटिकने अल्सर बरा होतो’ म्हटलेलं नाही.

---

रसायनी

कोणतं घ्यायचं हे नावावर ठरतं, म्हणून तपशील.

सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे. अँटिबायोटिकने मरत नाही, म्हणून गोळ्यांसोबतही चालतं. नेहमीची मात्रा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कोर्सच्या पहिल्या दिवसापासून. फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीनाशक चालू असेल तर व्यर्थ. मोठ्या शिरेत नळी घातलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाला देऊ नका, रक्तात यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाच्या खाटेजवळ कॅप्सूल उघडायचीही नाही, पूड हवेत उडते.

बॅसिलस क्लॉसी हे बीजाणू. ५ मिलिलिटरच्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीत २०० कोटी. आम्लाने मरत नाहीत, बऱ्याच अँटिबायोटिकनाही दाद देत नाहीत.

लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल मात्र अँटिबायोटिकपासून किमान दोन तास लांब. आणि अमॉक्सिसिलिनच्याच गोळीत लॅक्टोबॅसिलस कोंबलेली जी मिश्रणं मिळतात, त्यांचं तर्कशास्त्र कळत नाही. एकाच डब्यात मांजर आणि उंदीर. त्यातून ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस’ लिहिलं असेल तर ते जुनं, चुकलेलं नाव आहे. तो बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स.

पाकिटावर तीन गोष्टी शोधा: वाणाचा पूर्ण क्रमांक, मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा (बनवतानाचा नव्हे), आणि साठवणीचं तापमान. फ्रिजमध्ये ठेवायची कॅप्सूल मे महिन्यात कुरिअरने तीन दिवस फिरून आली असेल तर पैसे वाया गेले.

---

मेतकूट

एवढ्या खटाटोपापेक्षा वाटीभर दही बरं नाही का? आजी लोक काय वेडे होते?

---

ताकपीठ

वेडे नव्हते, पण ते दही जेवणासाठी लावत, औषध म्हणून नाही. घरच्या दह्यात कोट्यवधी जीवाणू असतात यात वाद नाही. कोणते, हे विरजणावर अवलंबून, आणि दर आठवड्याला मिश्रण बदलतं. दूध उकळून बोट सोसेल इतकं, साधारण ४० अंशांपर्यंत निववा. अर्ध्या लिटरला चमचाभर विरजण, उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत आठ-दहा. लागलं की लगेच फ्रिजमध्ये. ओट्यावर रात्रभर राहिलं की आंबट होतं. जठराचा रस त्याहून कितीतरी आंबट असल्याने अस्तराला त्याने नवी इजा होत नाही, पण छातीत जळजळ होणाऱ्याला ते झोंबतं.

‘आंबवलेलं म्हणजे प्रोबायोटिक’ ही दुसरी गंमत. कढी उकळली की जीवाणू मेले. इडली-ढोकळा वाफवले, मेले. नाचणीची आंबील शिजवली, मेले. वरून ताक घातलं तर त्या ताकातले तेवढे जिवंत. आपलं तेला-मिठाचं कैरीचं लोणचं बहुतेक वेळा आंबतच नाही, मुरतं. सोलकढीत आंबवण्याचा संबंधच नाही. हे पदार्थ खा, पण जिवंत जीवाणूंसाठी नको.

आणि दुधाने ‘अ‍ॅसिडिटी शमते’ हेही. पहिली दहा-वीस मिनिटं बरं वाटतं, मग दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिन आम्ल आणखी सुटायला लावतात.

---

गोळीबंद

ताकपीठ, दह्याबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. पायलोरीच्या चार औषधांच्या कोर्समध्ये टेट्रासायक्लिन असतं, कधी त्याऐवजी डॉक्सिसायक्लिन. दूध, दही, कॅल्शियम, लोह, जस्त यांच्याशी ते बांधलं जातं आणि नीट शोषलं जात नाही. म्हणजे माणूस ‘पोटाला थंड’ म्हणून गोळीवर वाटीभर दही खातो, वर मल्टिव्हिटॅमिन घेतो आणि कोर्स फसल्यावर जीवाणूला दोष देतो. अंतर किमान दोन तास. दही दुपारी चारला खा, मल्टिव्हिटॅमिन १४ दिवस बंदच ठेवा, काही बिघडत नाही.

कोर्समधली आम्ल दाबणारी गोळी सकाळी आणि रात्री, जेवणाआधी अर्धा ते एक तास. जेवल्यावर घेतली तर परिणाम बराच घटतो. कोर्समधल्या बिस्मथ या औषधाने जीभ आणि शौच काळं पडेल, घाबरू नका. त्यातलं मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक चालू असेपर्यंत आणि नंतर तीन दिवस दारू नाही.

आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते, रोज नाही. रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम चढलं की मळमळ, बद्धकोष्ठ, पोटदुखी सुरू होते आणि त्यावर पुन्हा ‘गॅस्ट्रायटिस’ म्हणून उपचार होतात.

---

मेतकूट

शेवटचा प्रश्न. कोर्स झाल्यावर जीवाणू गेला की नाही हे रक्तातल्या अँटिबॉडीवरून कळतं का? आणि चाचणी कधी?

---

सूक्ष्मदर्शी

अँटिबॉडी जीवाणू गेल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतात, त्यामुळे नाही. श्वास-चाचणी किंवा शौचातली अँटिजेन चाचणी. अँटिबायोटिक आणि बिस्मथ थांबवून किमान चार आठवडे, आम्ल दाबणारी गोळी थांबवून किमान दोन आठवडे. या गोळीने जीवाणू दबून बसतो, मरत नाही, आणि चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते.

समजा कोर्स ३१ मार्चला संपला. चाचणी २८ एप्रिलच्या आधी नको. आम्ल दाबणारी गोळी त्यानंतरही चालू ठेवायला सांगितली असेल तर शेवटची १३ एप्रिलला. बंद केल्यावर काही दिवस, कधी काही आठवडेही, आम्ल उसळी मारतं, त्याला दुखणं परत आलं असं समजू नका. तेवढ्यापुरतं पातळ अँटासिड चालतं, चाचणीच्या दिवशी मात्र नको. ज्यांच्या अल्सरमधून रक्त गेलं होतं किंवा ज्यांना अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवावं लागतं, त्यांनी आम्ल दाबणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. चाचणीला चार ते सहा तास उपाशी जायचं. श्वास-चाचणीत किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरणारं केंद्र असेल तर गरोदर स्त्रीने तिथे न जाता कार्बन-१३ची किंवा शौचाची चाचणी करावी.